एका तारेवरची अक्षरे



तार आली म्हणताच आपल्या दर्यापुरात एकेकाळी घरच्या माणसांच्या छातीत धस्स होत असे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तिची युक्ती संगणकाच्या केबलमध्ये टिकून राहिली, हे आम्हांस सांगावयाचे आहे.

फ्रेंच तारखात्यातील एमील बोदो याने १८७४ साली प्रत्येक अक्षरास ५ संकेतांचे सारखे माप दिले. संकेत एकामागून एक धाडावयाचे, ही रीत पुढे टेलिप्रिंटरात व तेथून संगणकात आली. १९६० साली अमेरिकेत तिच्या जोडणीचे आरएस-२३२ हे मानक ठरले. पुढे रूढ झालेल्या २५ पिनांच्या जोडणीत साध्या कामास तीनच तारा पुरतात: संगणक २ क्रमांकावरून बोलतो, ३ वरून ऐकतो, आणि ७ ची तार दोघांची सामाईक. दोन संगणक थेट जोडताना मात्र २ व ३ यांची अदलाबदल करावी लागते. न केल्यास दोघे एकाच तारेवर बोलतात, ऐकत कोणीच नाही.

आमच्या चळवळीने हे अनुभवले आहे. नोकऱ्या जातील म्हणून १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा कर्मचारी कलकत्त्यात संगणकाविरुद्ध लढले. १९८३ साली बँकांत यंत्रीकरणाचा करार झाला, तो दोन्ही पक्षांनी एकमेकांचे ऐकून घेतल्यावरच. त्या लढ्यास कोणी अडाणीपणा म्हणतात; आम्ही म्हणत नाही. यंत्र बसवण्यापूर्वी कामगारास विचारा, एवढेच त्याचे मागणे होते, आणि ते आजही शिल्लक आहे.