बेगमी

महागाईचा इतिहास लिहावयाचा म्हणजे आपण बहुधा निर्देशांकापासून आरंभ करतों. अमुक सालीं घाऊक भाव इतके टक्के चढले, तमुक सालीं इतके उतरले, एवढें सांगितलें कीं आपलें काम झालें असें आम्हां शिकविणाऱ्या मंडळींना वाटतें. पण ज्या घरांत ती महागाई ताटापर्यंत येऊन पोंचली, त्या घरांत तिचा हिशेब टक्क्यांनीं कधींच झाला नाहीं. तेथें प्रश्न एवढाच होता कीं, तूरडाळ आज आणावी कीं पगार झाल्यावर आणावी. आणि पगारावर ढकलावयाची तर तोंवर वाणी उधार देईल कीं नाहीं. धान्याचा भाव काय, ह्या प्रश्नाइतकाच धान्य केव्हां घ्यावयाचें व कोणाच्या पैशानें घ्यावयाचें हाहि प्रश्न जुना आहे. मुंबईच्या गेल्या ऐंशी वर्षांतील महागाईकडे ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधानें पाहिलें, तर कांहीं परिचित गोष्टी निराळ्या दिसूं लागतात.

ह्या प्रश्नाला आपल्याकडील घरांनीं काढलेलें जुनें उत्तर म्हणजे बेगमी. सुगी संपून चैत्र-वैशाखाचें ऊन पडूं लागलें कीं वर्षाचे गहूं, तांदूळ, डाळी, मिरच्या, हळद आणि चिंच घरांत येऊन पडत. गव्हाला एरंडेल चोळावयाचें, धान्यांत कडुलिंबाचा पाला घालावयाचा, डाळी कडकडीत उन्हें देऊन डब्यांत भरावयाच्या. शिवाय पापड, कुरडया, सांडगे आणि लोणचीं हीं असावयाचींच. ज्या गृहिणीनें वैशाखांत गहूं भरला तिला भाद्रपदांत बाजारभाव विचारावा लागत नसे. सुगीच्या वेळीं भाव खालीं असतो आणि नवें पीक हातीं येण्यापूर्वीं तो वर चढतो, हें तिला कोणत्याहि ग्रंथावांचून ठाऊक होतें. ह्या विद्येला अर्थशास्त्र म्हणावें असें मात्र घरांतील पुरुषांना कधीं सुचलें नाहीं.

पण बेगमीचें कौतुक करतांना हात थोडा आखडताच ठेवला पाहिजे. तिला एकरकमी पैसा लागतो, कोरडी जागा लागते आणि बहुतेक वेळां गांवाकडे जमीन किंवा निदान ओळख तरी लागते. ज्या वैशाखांत पांढरपेशा गृहस्थ स्वस्त धान्य भरून ठेवी, त्याच वैशाखांत कुळाला सावकाराचें देणें भागविण्याकरितां तेंच धान्य पडत्या भावानें विकावें लागे. आणि पावसाळ्यांत पोटासाठीं पुन्हां तेंच धान्य चढ्या भावानें, वाढीदिढीनें, उसनें आणावें लागे. एकाच्या कोठींतील शिल्लक आणि दुसऱ्याच्या खात्यावरील बाकी ह्या कित्येकदां एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असत.

मुंबईच्या चाळींत ही बेगमी मोडली. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलींत पांच-सहा माणसें निजत, तेथें पोतीं कोठें ठेवावयाचीं? शिवाय पैसा यावयाचा तो महिन्याच्या महिन्याला. म्हणून वर्षाच्या कोठीची जागा वाण्याच्या महिन्याच्या यादीनें घेतली. आणि ज्याला महिन्याचीहि यादी झेपत नसे तो रोज संध्याकाळीं पावशेर तांदूळ आणि छटाकभर तेल नेऊं लागला. असा मनुष्य प्रत्येक जिनसेला सर्वांत अधिक भाव देतो, कारण तो सर्वांत थोडें, सर्वांत उशिरां आणि उधारीनें घेत असतो.

ह्या स्थितींत १९४२ सालचा मार्च उजाडला. रंगून जपान्यांच्या हातीं पडलें आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं नेमलेल्या ग्रेगरी समितीनें मोठ्या शहरांतून रेशनिंग करावें आणि माणशीं दिवसाला एक पौंड धान्य द्यावें अशी शिफारस केली. मुंबईच्या मध्यमवर्गाला रेशनच्या रांगेचा अपमान पुष्कळ दिवस सलला. पण त्याच सालीं बंगालमध्यें लाखों माणसें उपासमारीनें आणि रोगराईनें मेलीं, आणि मुंबईवर तो प्रसंग आला नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. तांबड्या, खडेमिश्रित धान्याविषयीं कुरकुरणारे आपले वाडवडील त्या रांगेमुळें वांचलेले होते.

त्या काळांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. घरांत ठरावापेक्षां अधिक धान्य ठेवणें हा गुन्हा झाला. आजीच्या तोंडीं जें शहाणपण होतें त्यालाच कायद्याच्या भाषेंत साठेबाजी म्हणूं लागले. कायदा चुकीचा होता असें मी म्हणत नाहीं. टंचाईच्या दिवसांत एकाची भरलेली कोठी म्हणजे दुसऱ्याची रिकामी चूल, हें उघड आहे. पण ह्यानंतर 'केव्हां घ्यावयाचें' हें ठरविण्याचा अधिकार गृहिणीच्या हातून गेला तो गेलाच. पुढें १९४७ च्या डिसेंबरांत नियंत्रणें उठलीं, भाव भडकले, १९४८ सालीं तीं पुन्हां बसलीं, आणि १९५४ सालीं रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असतांना सुटलीं. १९६५ सालीं लालबहादुर शास्त्रींनीं सोमवारीं रात्रीं न जेवण्याचें आवाहन केलें, तेव्हां घरोघर चुली पेटल्या नाहींत आणि कित्येक हॉटेलांनींहि त्या रात्रीं दारें लावून घेतलीं. उपासाची संवय असलेल्या समाजाला ती कल्पना पटली ह्यांत नवल नाहीं. मात्र ज्यांना सोमवारांखेरीजहि उपास घडत होते त्यांना हें व्रत सांगावें लागलें नाहीं.

खरा कसोटीचा काळ आला तो १९७२ नंतर. त्या वर्षीं महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ पडला. त्यापूर्वीं बांगला देशाच्या युद्धाचा आणि सुमारें एक कोटि निर्वासितांचा भार पडलेला होताच. १९७३ च्या एप्रिलांत सरकारनें गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हातीं घेतला आणि वर्षभरांत तो सोडून दिला. ऑक्टोबरापासून तेलाच्या किंमती जगभर चौपट होत गेल्या. १९७३-७४ सालीं घाऊक भाव सुमारें वीस टक्क्यांनीं आणि पुढील वर्षीं सुमारें पंचवीस टक्क्यांनीं चढले. १९७४ च्या जुलैंत निघालेल्या वटहुकुमानें पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवींत अडकला. म्हणजे भाव आजचा द्यावयाचा आणि भरपाई मात्र कांहीं वर्षांनीं घ्यावयाची, असा तो प्रकार होता. केव्हां, हा प्रश्न येथेंहि पुन्हां आडवा आला.

ह्याच दिवसांत मुंबईच्या स्त्रिया लाटणीं घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७२ सालीं स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितींत समाजवादी मृणाल गोरे होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी होत्या. ह्या बायकांच्या पक्षांचें एरवीं एकमेकांशीं फारसें पटत नसे; पण तेल, साखर, रॉकेल आणि डालडा ह्यांवर त्यांचें एकमत झालें. थाळ्यांवर लाटणीं आपटीत हजारों स्त्रिया चालल्या, मंत्र्यांना घेराव पडले, साठा दडवणाऱ्या दुकानांवर धडक बसली. माझ्या पिढीनें हा आवाज आयांच्या तोंडूनच ऐकला आहे. त्या सांगत तेव्हां मोर्च्याहून अधिक रस त्यांना, दुपारच्या दोन तासांत घरचें सगळें आवरून आपण कसें निघालों, हें सांगण्यांत असे. ह्या मोर्च्यांनीं किंमती किती उतरल्या असें कोणी विचारील. फारशा उतरल्या नाहींत. पण आमटींत पाणी वाढवून आणि स्वतः मागाहून उरेल तें जेवून घरांतल्या घरांत जी महागाई जिरविली जात होती, ती ह्या बायकांनीं प्रथमच चवाठ्यावर आणून मांडली. तोंवर काटकसर हा स्त्रीचा सद्गुण मानला जात होता; त्या सद्गुणाची किंमत कोण भरतें हा प्रश्न सभ्य माणसांत विचारला जात नसे.

ह्या मोर्च्यांची आठवण पुष्कळांना आहे. त्यांहून कमी आठवण आहे ती गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायकांची. धान्याची महागाई आणि शिजविलेल्या अन्नाची महागाई ह्या दोहोंची गांठ कोठें पडत असेल तर ती ह्या बाईच्या चुलीपाशीं. कोंकणांतून आणि घाटावरून आलेले कामगार बायकामुलांना गांवीं ठेवून परळ-लालबागच्या खोल्यांतून राहात आणि एखाद्या बाईकडे दोन वेळ जेवत. तिचा नवराहि बहुधा गिरणींतच असे, किंवा काम सुटून घरीं बसलेला असे. जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर मिळावयाचे. धान्य मात्र आज शिजवावयाचें. म्हणजे ती कामगाराला महिनाभर उधार देणार, आणि त्यासाठीं स्वतः वाण्याकडून किंवा सावकाराकडून व्याजानें उधार घेणार. तिच्यापाशीं मोजावयास तराजू नव्हता आणि टांगावयास पाटी नव्हती, तरी शहराच्या उद्योगधंद्यांना भांडवल पुरविणाऱ्यांत तिची गणना करावयास हरकत नाहीं.

डाळ महिन्याच्या मध्येंच महागली म्हणजे तिनें काय करावें? हॉटेलवाल्याला युक्त्या असतात. तो दर तोच ठेवून वाटी लहान करतो. काल 'अमर्याद' असलेली राइस प्लेट आज 'मर्यादित' होते, आणि गिऱ्हाईकानें कुरकुर केली तर तें समोरच्या हॉटेलांत जातें, एवढेंच. खाणावळवालीचें गिऱ्हाईक रोज दोनदां तिच्या उंबऱ्यांत येऊन बसणारें, पुष्कळदां तिच्याच गांवचें. त्याच्या ताटांतली भाकरी कमी करणें तिला जमत नसे आणि ठरलेला दर मध्येंच वाढविणें त्याला झेपत नसे. मग तूट भरून निघे ती तिच्या ताटांतून, कारण जेवावयास ती सर्वांच्या शेवटीं बसे. १९७३-७४ च्या गिरणी संपाच्या दिवसांत पगारच बंद झाला, तरी ह्या बायकांनीं संपकऱ्यांना उधारीवर जेवूं घातलें. संप मिटले; तिच्या खात्यावरचें व्याज लगेच मिटलें नाहीं.

गोव्याच्या मुक्तिसंग्रामांत भाग घेतलेल्या आणि पुढें मुंबईच्या कामगार चळवळींत वावरलेल्या प्रेमाताई पुरव ह्यांनीं ही गांठ ओळखली. १९७५ सालीं त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. १९६९ सालीं बँकांचें राष्ट्रीयीकरण झालेलें होतें आणि १९७२ पासून गरिबांकरितां चार टक्के व्याजाच्या कर्जाची योजनाहि होती; पण ज्या बाईच्या नांवानें घर नाहीं, दागिना नाहीं आणि जिला सहीहि येत नाहीं ती बँकेची पायरी चढणार कशी? मंडळानें ह्या बायकांचे गट केले आणि एकमेकींच्या हमीवर त्यांना कर्ज मिळवून दिलें. हातीं रोख पैसा आल्यावर बाईनें पहिली गोष्ट काय करावी? महिन्याच्या आरंभीं पोतें घ्यावें. रोजच्या उधारींतून सुटून एकदम माल भरण्याची ही जी सोय झाली, ती पांढरपेशा घरांतील बेगमीच होती. फक्त ती ह्या वेळीं जमिनीच्या जोरावर न येतां दहा बायकांच्या शब्दाच्या जोरावर आली.

योगायोग असा कीं, त्याच १९७५ सालीं पांढरपेशा मुंबईनेंहि आपली मोडलेली बेगमी दुसऱ्या रीतीनें सांधली. बिंदुमाधव जोशींच्या प्रेरणेनें निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतींत शेजारपाजारच्या कुटुंबांनीं एक संघ करावयाचा, पुढील महिन्याची यादी आगाऊ द्यावयाची, घाऊक खरेदी एकत्र व्हावयाची आणि माल आला म्हणजे सभासदांनींच एकाच्या घरीं जमून तो वांटून घ्यावयाचा, अशी व्यवस्था होती. गायक-संगीतकार सुधीर फडके हेहि त्या कामांत होते. ही व्यवस्था शिस्तीची आणि मानी होती. पण आगाऊ पैसे भरण्याइतकी ऐपत तिला लागत असे, म्हणून खाणावळवालीला तिचा उपयोग थोडाच झाला असता. एकाच सालीं, एकाच शहरांत, एकाच दुखण्यावर निघालेलीं हीं दोन औषधें एकमेकांच्या घरीं सहसा गेलीं नाहींत.

१९८२ च्या जानेवारींत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या पूर्ववत् चालल्या नाहींत. जेवणारे गांवीं परतले, खोल्या रिकाम्या झाल्या आणि खाणावळींच्या चुली एकामागून एक विझूं लागल्या. ज्यांना शक्य झालें त्या बायका कचेऱ्यांना डबे देऊं लागल्या, पोळ्या लाटूं लागल्या. दादर-गिरगांवाकडील ज्या घरांच्या आज्या वैशाखांत गहूं भरीत, त्या घरांतून आतां संध्याकाळीं पोळी-भाजी केंद्रावर रांग लागते. पोळ्या मोजून मिळतात, दर पाटीवर लिहिलेला असतो, आणि उधारी बंद.