मौलाबक्षांच्या गावात

१८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी आपल्या बडोद्यात गायनशाळा सुरू केली. उस्तादांच्या गळ्यातली विद्या त्यांनी स्वरलिपीत बांधून कागदावर आणली.

आपल्या कित्येक गीतांच्या चाली आजही वडीलधाऱ्यांच्या गळ्यातच आहेत. ते प्रभूकडे गेले की चालही जाते. म्हणून आम्ही त्या लिलीपॉन्ड या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांनी टाइप करून ठेवतो. साचा एकदाच केला आहे: पानाची मांडणी एका फाइलीत, चाल दुसऱ्या, कडवी तिसऱ्या. नवे गीत आले की चाल आणि कडवी तेवढी भरायची.

पिढीने पिढीला देवाची थोरवी सांगावी, ही स्तोत्र १४५ ची शिकवण. मौलाबक्षांच्या गावात ते काम आपणही चालवू या.