नावाचा ठपका

वीसेक वर्षांपूर्वी एका लेखात ‘स्लॉथ बेअर’चे भाषांतर मी ‘आळशी अस्वल’ असे केले होते. मेळघाटातल्या एका म्हाताऱ्या वाटाड्याला ते वाचून दाखवले, तर तो म्हणाला, “साहेब, अस्वल कधी मागं लागलं नाही वाटतं तुमच्या!” त्या टोमण्याचा माग काढत मी थेट दक्षिण अमेरिकेतल्या स्लॉथपर्यंत पोचलो.

१७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने लांब नखे आणि वरच्या जबड्यातले नसलेले पुढचे दात पाहून आपल्या अस्वलाला चक्क स्लॉथ ठरवले. चूक लवकरच उमगली. इंग्रजी नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

पण मुळात स्लॉथला तरी ते शोभते का? स्पॅनिश लोकांनी त्याला कुचेष्टेने ‘चपळ पेरिको’ म्हटले. अमेरिकेत कधीही पाऊल न ठेवलेल्या ब्युफाँने तर निकालच दिला, की याच्यात आणखी एक उणीव असती तर हा जगलाच नसता! विद्वत्तेचा असा तोरा मला नेहमीच खटकतो.

त्याला उत्तर दिले चार्ल्स वॉटर्टनने, १८२५च्या आपल्या प्रवासवर्णनात. गयानाची जंगले तुडवलेल्या या माणसाने एक स्लॉथ कित्येक महिने स्वतःच्या खोलीत ठेवला होता. गुळगुळीत जमिनीवर नखे रुतायला जागा नसल्याने तो अगतिक होई; खुर्चीच्या पाठीला उलटा लटकला की खुशीत असे. हा प्राणी फांदीवर नव्हे, फांदीखाली जगतो, हे वॉटर्टनने ठासून सांगितले. आधीच्यांनी त्याला जमिनीवर ठेवून जोखले होते.

त्याच्या संथपणाचा हिशेब पुढे उलगडत गेला. पानांतून ऊर्जा मिळते थोडी. अनेक कप्प्यांच्या जठरात ती पचायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागतात. म्हणून खर्चही बेताचा. केस पोटाकडून पाठीकडे वळलेले, म्हणजे उलटे लटकताना पाऊस ओघळून जातो. त्यांत हिरवे शेवाळ वाढते आणि तो पानांत मिसळून जातो. तीन नखांचा स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदाच, तोही शौचासाठी, जीव धोक्यात घालून खाली उतरतो. का, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

अस्वलाला मी आता नुसते अस्वल म्हणतो आणि स्लॉथला स्लॉथ. त्याचा अर्थही आळसच. पण मराठी कानाला तो चटकन ऐकू येत नाही.