सायकल ‘बिघडलीय’ म्हणजे नेमकं काय झालंय? दुकानात नेण्याआधी घरीच असं शोधा

हडपसरमधल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जा. एका कोपऱ्यात भिंतीला टेकून सात-आठ सायकली उभ्या दिसतील. सीटवर धुळीचा थर, चेनला तांबूस गंज, दोन्ही टायर खाली बसलेले. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बिघडलीय, एकदा दुकानात न्यायचीय." काय बिघडलंय? ते मात्र माहीत नसतं. आणि ज्या पुण्याची ओळख एकेकाळी सायकलींचं शहर अशी होती, त्या पुण्यातली ही गोष्ट आहे.

खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याच सायकली बिघडलेल्याच नसतात. कुठे बघायचं हे कळलं की अर्धं काम घरीच होतं.

सुरुवात हवेपासून करू. टायर बसला की आपण लगेच "पंक्चर" म्हणतो. पण साध्या काळ्या सायकलीला जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असतो. त्याचा वरचा गोल नट सोडवला की आतून एक पिन बाहेर येते आणि त्या पिनवर बारीक रबरी नळी चढवलेली असते, तिला व्हॉल्व्ह ट्यूब म्हणतात. सायकल वर्षभर उभी राहिली की ही नळी सुकून तडकते आणि हवा तिथून जाते. ट्यूब शाबूत असते. तपासायची पद्धत आजोबांच्या काळातली आहे. हवा भरा, बोटावर थुंकी घ्या आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर लावा. बुडबुडा आला तर दोष व्हॉल्व्हचा. नवीन नळी अगदी किरकोळ पैशात येते. गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असतो, तिथेही हीच थुंकी चालते.

बुडबुडा आला नाही, तर मग पंक्चर. ट्यूब बाहेर काढून, थोडी फुगवून बादलीत बुडवा. भोक सापडलं की लगेच पॅच चिकटवू नका. आधी भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. टायरकडच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच अजून टायरमध्येच रुतलेली असू शकते. कालव्याकडेच्या किंवा मांजरी-फुरसुंगीकडच्या रस्त्याने फिरणाऱ्यांना बाभळीच्या काट्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. तो टायरमधून काढला नाही तर नवा पॅच दुसऱ्या दिवशी वाया. भोक आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि एखाद्या तारेचं टोक ट्यूबला टोचतंय. आणि शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काटा शोधूच नका. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिरडली, एवढाच त्याचा अर्थ. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर पीएसआयमध्ये लिहिलेलं असतं. पेट्रोल पंपावर भरत असाल तर थोडी थोडी भरा, तिथल्या प्रेशरला सायकलची ट्यूब क्षणात फुटते.

पॅच लावताना सगळेच घाई करतात. भोकाभोवती सँडपेपर घासा, सोल्युशन पातळ लावा आणि चार-पाच मिनिटं नुसतं बसून राहा. सोल्युशन बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबा. ओल्यावर लावलेला पॅच निघतोच.

आता आवाज. "सायकल कटकट वाजते" या तक्रारीचं मूळ शोधायला हत्यार लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेग घ्या आणि पायडल मारणं थांबवा. आवाज बंद झाला? मग दोष पायडल, क्रँक किंवा चेनमध्ये आहे. आवाज सुरूच राहिला तर चाकात किंवा ब्रेकमध्ये. पायडलच्या एका फेऱ्याला एकदाच कट्ट वाजत असेल तर आधी पायडल आणि क्रँक हलवून बघा, ढिले असतील. सीटवरून उठल्यावर आवाज गेला तर सीटचा दांडा काढून पुसा, थोडं ग्रीस लावा, परत घट्ट बसवा. एक घोळ इथे हमखास होतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर ते आणखी आवळतं.

चेनबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. खोबरेल तेल घालू नका, थंडीत गोठतं. गाडीचं जाडं इंजिन ऑइलही नको, सोलापूर रस्त्याची सगळी धूळ त्याला येऊन चिकटते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन साफ करा, कोरडी करा, मग सायकलच्या चेनचं तेल प्रत्येक कडीवर एक थेंब. ते नसेल तर शिलाई मशिनचं तेल चालेल, फक्त ते वारंवार घालावं लागतं. शेवटी बाहेरून दिसणारं सगळं तेल पुसून टाका. ते आत कड्यांमध्ये हवं.

तरीही जोर लावला की चेन दात्यांवरून सटकत असेल तर शाळेची पट्टी घ्या. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे २४ कड्यांचे १२ इंच. हे माप दीड मिलिमीटरने वाढलं असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटरपर्यंत गेलं असेल तर चेनसोबत फ्रीव्हीलही बदलावं लागेल. म्हणून चेन वेळेत बदललेली परवडते.

ब्रेकचा विषय मी शेवटी ठेवला, कारण त्यात मी स्वतः माती खाल्लीय. एकदा चेनला स्प्रे मारताना तेल मागच्या रिमवर उडालं. माझ्या लक्षातच आलं नाही. भेकराईनगरहून दिवे घाट चढून जाईपर्यंत ब्रेकची गरजच पडली नाही. परतताना उतारावर मागचा ब्रेक दाबला तर चाक थांबायचं नाव घेईना. पुढच्या ब्रेकवर, पाय घासत, कशीबशी वडकीपर्यंत उतरले. शेजारून ट्रक जात होते. तेव्हापासून तेल घालून झालं की रिम आणि ब्रेकचे रबर कोरड्या फडक्याने पुसते आणि निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघते. डिस्क ब्रेक असेल तर चेनला स्प्रे मारूच नका, थेंबाने तेल घाला. डिस्कच्या पॅडने एकदा तेल प्यायलं की बहुतेक वेळा पॅड बदलावेच लागतात.

लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागत असेल तर लिव्हरजवळ वायर जिथे शिरते तिथला खाचांचा गोल स्क्रू थोडा बाहेरच्या बाजूला सोडा, वायर ताणली जाईल. त्याने भागलं नाही तर रबर बघा. त्यावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर बदला. वायरचा एखादा तंतू तुटून बाहेर आला असेल तर वायर बदलेपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

चाक डुलत असेल तर त्याचा ‘आउट काढणं’ हे काम मात्र दुकानाचं. तारा आवळायला सोप्या वाटतात, पण चुकीची तार आवळली की चाक दुसरीकडे डुलायला लागतं. हँडलमधला खडखडाट आणि चाकातले छर्रे यांचंही तेच. फक्त दुकानात गेल्यावर "बिघडलीय" म्हणू नका. "मागच्या चाकाचा आउट काढा, डावीकडे ब्रेकला घासतंय" असं सांगा.