धूर, गॅस आणि गेलेली लाईन: सेन्सर फ्यूजन म्हणजे काय?

जुलै २०२१ मधली गोष्ट. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूरमध्ये रात्री लाईन गेली, म्हणून एका घरात जनरेटर सुरू केला. त्याचा धूर घरातच कोंडला आणि झोपेतच एका कुटुंबातल्या ६ जणांचा जीव गेला.

जनरेटरच्या धुरातला खरा मारेकरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. जागं माणूस डोकं दुखतंय म्हणून बाहेर तरी येईल, झोपलेल्याला काहीच कळत नाही. म्हणजे इथे नाक कामाचं नाही, मशीनच लागतं. पण कुठलं मशीन, आणि एक पुरेल का? तेच आज पाहू.

एकटा सेन्सर का फसतो?

मी पहिल्यांदा घरी एमक्यू-२ नावाचा स्वस्त सेन्सर ईएसपी३२ बोर्डाला जोडला होता. तो धूर आणि एलपीजी दोन्ही पकडतो. पहिल्याच दिवशी आईने मिरचीची फोडणी दिली आणि बझर बोंबलला. अगरबत्ती लावली, परत बोंबलला. चौथ्या दिवशी आईने प्लगच काढून ठेवला. चूक आईची नव्हती, माझी होती. सारखा खोटा ओरडणारा अलार्म शेवटी बंदच होतो, आणि मग खऱ्या वेळी तो नसतो.

आपल्या भागात तर अडचणी जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तो धूर गावात येतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. उष्णतेचे बरेच सेन्सर साधारण ५७ अंशांना आग समजतात. छपराला चिकटवलेला असा सेन्सर भर दुपारी उगाच ओरडू शकतो.

मग फ्यूजन म्हणजे काय?

सेन्सर फ्यूजन म्हणजे एकाच्या साक्षीवर निकाल न देता अनेकांच्या साक्षी जुळवून पाहणं. समजा, दोन सेन्सर प्रत्येकी १०० पैकी १ वेळा खोटं बोलतात. दोघांची कारणं वेगळी असतील, तर दोघंही एकाच वेळी खोटं बोलण्याची शक्यता १०,००० पैकी १ होते.

पण "कारणं वेगळी असतील तर" ही अट महत्त्वाची आहे बरं का! एकाच जातीचे दोन सेन्सर शेजारी लावले, तर फोडणीला दोघंही ओरडणार. म्हणून एक धूर मोजणारा आणि दुसरा तापमान मोजणारा, अशी जोडी हवी. तापमानाचाही आकडा न पाहता वेग पाहा. उन्हाने खोली हळूहळू तापते. मिनिटाला ८ अंशांच्या आसपास वाढ झाली, तर ते ऊन नाही, आग आहे.

मोहाच्या दिवसांतल्या धुरावरही उपाय आहे. एक सेन्सर घरात, एक ओसरीवर. बाहेरचा आकडा आधी वाढला तर धूर जंगलातला. घरातला आधी वाढला तर आपलं काहीतरी जळतंय.

सगळीकडे "दोघांची सही" नको

इथेच बरेच प्रोजेक्ट चुकतात. दोन सेन्सर सहमत झाल्याशिवाय अलार्म नाही, असा नियम कार्बन मोनॉक्साइडला लावला तर दुर्गापूरसारख्या रात्री मशीन गप्प बसेल. जनरेटर चालताना खोली पेटत नाही, त्यामुळे तापमानाची साक्ष मिळणारच नाही. म्हणून माझे नियम असे:

१. कार्बन मोनॉक्साइड: एकटा पुरेसा. लगेच मोठा अलार्म.

२. एलपीजी: हाही एकटा पुरेसा.

३. फक्त धूर: आधी बारीक बीप. दोन मिनिटं टिकला तर मोठा अलार्म.

४. धूर आणि झपाट्याने वाढणारं तापमान: एक सेकंदही थांबू नका.

५. लाईन गेलेली आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतोय: आकडा लहान असला तरी अलार्म.

पाचवा नियम माझ्या मते सगळ्यात कामाचा. बाजारातले प्रमाणित अलार्म मुद्दाम वेळ घेतात, कारण विष रक्तात हळूहळू साचतं आणि खोटे अलार्म टाळायचे असतात. अमेरिकेच्या यूएल २०३४ मानकानुसार ४०० पीपीएमला अलार्म ४ ते १५ मिनिटांत वाजतो, ७० पीपीएमला १ ते ४ तासांत. ३० पीपीएमला तर तो गप्पच असतो. पण लाईन जाते आणि काही मिनिटांत आकडा शून्यावरून ३० वर येतो, याचा अर्थ कोणीतरी आत जनरेटर लावलाय. "लाईन आहे की नाही" ही साधी माहितीसुद्धा एक सेन्सरच आहे.

कुठे लावायचे?

एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्याचा सेन्सर जमिनीपासून वीतभर उंचीवर. धूर वर जातो, त्याचा सेन्सर छताजवळ. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच, तो सगळीकडे पसरतो. त्याचा सेन्सर झोपायच्या खोलीत, उशीच्या उंचीला.

एक गोष्ट विसरू नका: लाईन गेली की वायफाय राउटरही जातो. गडचिरोलीच्या आतल्या गावांत तर मोबाईलची रेंजही भरवशाची नाही. म्हणून निर्णय बोर्डावरच व्हावा, बझर घरातच वाजावा आणि सगळं बॅटरीवर चालावं. फोनवरचं नोटिफिकेशन हा बोनस समजा.

फोन काय करू शकतो?

तुमच्या फोनमध्ये गॅसचा सेन्सर नसतो. "गॅस डिटेक्टर" म्हणवणारं कुठलंही ॲप एकट्या फोनवर गॅस ओळखू शकत नाही. पण अँड्रॉइडमधलं साउंड नोटिफिकेशन्स आणि आयफोनमधलं साउंड रेकग्निशन स्मोक अलार्मचा आवाज ओळखून फोन व्हायब्रेट करतं. घरात आजोबांना कमी ऐकू येत असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन आजच सुरू करा. भरवसा मात्र खऱ्या अलार्मवरच ठेवा.

वाघ आणि साप?

ताडोबाला लागून असलेल्या सीतारामपेठ गावात एआय कॅमेऱ्यांची "आभासी भिंत" उभारली आहे. कॅमेऱ्याला हालचाल दिसते, एआय ती गाय आहे की वाघ ते तपासतं, मग सूचना जाते. तत्त्व आपलंच: एका खुणेवर गाव उठवायचं नाही.

सापासाठी मात्र पीआयआर सेन्सरवर विसंबू नका. तो शरीराची उष्णता पाहतो आणि साप थंड रक्ताचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. तिथे खाट, नीट खोचलेली मच्छरदाणी आणि टॉर्च हेच खरे उपाय.

अलार्म वाजला तर

एलपीजी असेल तर पंखा, लाईट, काहीही चालू किंवा बंद करू नका. एक ठिणगी पुरते. म्हणून गॅस गळतीला एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू करणारा कोडही लिहू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि मग १९०६ ला फोन करा. कार्बन मोनॉक्साइड असेल तर सगळ्यांना उठवून आधी बाहेर काढा, मग ११२.

शेवटचं: एमक्यू मालिकेतले सेन्सर शिकायला उत्तम, पण ओलावा आणि उष्णतेने त्यांचे आकडे सरकतात. झोपायच्या खोलीत प्रमाणित, बॅटरीवाला कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवा, त्यावरची बदलायची तारीख पाहा आणि आपलं फ्यूजन त्याच्या जोडीला लावा. आणि जनरेटर? तो घराबाहेर, दारा-खिडक्यांपासून लांब. या नियमाला कुठलाच सेन्सर लागत नाही.