जनीचा लेखनिक

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. परंपरा त्यास संत नामदेवांचे जन्मस्थान मानते. तेथून दक्षिणेस, गोदावरीच्या तीरी, गंगाखेड हे जनाबाईचे गाव होय. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला. तोपर्यंत ही दोन्ही गावे परभणी या एकाच जिल्ह्यात होती. परंतु ज्या नात्याने ती जोडली गेली, ते सरकारी सीमांहून पुष्कळच जुने आहे.

लहानपणीच जनाबाई पंढरपुरास दामाशेटींच्या घरी दासी म्हणून राहिली. त्या घरच्या स्त्रियांची नावे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. गोणाई, राजाई, आऊबाई, लाडाई, लिंबाई या सर्वांच्या नावे अभंग सांगितले जातात. त्यांत केवळ भक्ती नाही. संसाराकडे न पाहणाऱ्या पुरुषाविषयीची रोखठोक तक्रारही आहे. तथापि या मेळ्यात सर्वांत मोठा वाटा दासीचा ठरला. तीनशेहून अधिक अभंग आज जनाबाईच्या नावावर आहेत.

हे अभंग टिकले कसे? संतांची वचने कोणी लिहून घेतली, याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. प्रत्येक संतास कोणी ना कोणी लेखनिक लाभला होता. जनीचे बोल मात्र साक्षात पांडुरंगाने लिहून घेतले, असे ती सांगते. भाविकास यात देवाची कृपा दिसेल, आणि ती दिसणे योग्यच आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र यात आणखी एक गोष्ट दिसते. दळणकांडण करणाऱ्या दासीपाशी दौत-लेखणी घेऊन बसणारा मनुष्य मिळणे किती कठीण होते, याची ही कबुलीच नव्हे काय?

नामदेवांची कीर्ती पंजाबपर्यंत पोहोचली. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे आहेत. जनीच्या वाणीस असा राजमार्ग लाभला नाही. ती या जात्यावरून त्या जात्यावर गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांत जनीस दळू लागणारा विठ्ठल पुनःपुन्हा भेटतो. गाणाऱ्या बहुतेकींस अक्षरओळख नव्हती. जनीचा खरा लेखनिक शोधावयाचा तर तो या बायकांच्या कंठातच सापडेल.

स्त्रीचा जन्म मिळाला म्हणून खिन्न होऊ नये, असे जनी सांगते. आणि डोईचा पदर खांद्यावर येऊ देऊन भर बाजारात जाण्याची भाषाही तीच करते. पहाटेच्या अंधारात एकटीने दळणाऱ्या बाईस हा आधार केवढा वाटला असेल! मोठ्या स्त्रियांचे गुणगान करणे सोपे असते. त्यांचे बोल ज्या अनाम स्त्रियांनी जपले, त्यांचे ऋण मात्र आपण क्वचितच मानतो. आपली आजी काय गात होती, हे ज्या घरात अद्याप कोणास आठवत असेल, त्या घराने ते आजच लिहून ठेवावे. जनीस लेखनिक मिळाला नाही, ही उणीव निदान तेवढ्यापुरती तरी आपल्या हातून भरून निघेल.