ताशी चार मैल

आपल्याकडे कालवा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'आवर्तन कधी सुटणार?' कालवा म्हणजे पाटाचं पाणी, ऊस, आणि वरच्यांनी पाणी ओढलं म्हणून टेलच्या शेतकऱ्याची बोंब. इंग्लंडच्या मध्यभागातले कालवे मात्र शेतीसाठी खोदलेलेच नाहीत. ते खोदले कोळसा वाहायला. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण नीट कळलं ते गेल्या जूनमध्ये. एका मित्रानं नॅरोबोट भाड्यानं घेतली होती, तिच्यावर ऑक्सफर्ड कालव्यात एक दिवस काढला तेव्हा.

सकाळी ब्रॉन्स्टनहून निघालो. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठच्या पायवाटेवरून एक आजोबा कुत्रा घेऊन चालले होते, ते आमच्या पुढे निघून गेले. ही पायवाट फिरायला येणाऱ्यांसाठी केलेली नाही बरं का. ती घोड्याची वाट. काठावरून घोडा चालायचा आणि मागे दोरीनं बोट ओढायचा. तेव्हाच्या खराब रस्त्यावर जो घोडा टनभर माल ओढताना मेटाकुटीला यायचा, तोच घोडा पाण्यावर पंचवीस-तीस टन सहज न्यायचा. अख्खी औद्योगिक क्रांती सुरुवातीला या हिशोबावर उभी राहिली. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरनं आपल्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा कालव्यानं मँचेस्टरकडे आणायला सुरुवात केली आणि तिथला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मग सगळ्यांनाच कालवा हवा झाला. वेजवुडची चिनी मातीची भांडी खेचरांच्या पाठीवरून जाताना फुटायची. ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी त्यानं जीव टाकला आणि १७६६ मध्ये पहिली कुदळ स्वतः मारली.

या दोन्ही कालव्यांचा इंजिनिअर जेम्स ब्रिंडली. आमचा ऑक्सफर्ड कालवाही त्यानंच आखलेला. शाळा जेमतेम, पण पाण्याची समज पक्की. डोंगर फोडायचा नाही, भराव घालायचा नाही, जमिनीची एक पातळी धरायची आणि टेकड्यांना वळसे घालत जायचं, ही त्याची रीत. म्हणून नॅप्टनच्या वरचा माथ्याचा पट्टा अकरा मैलांचा आहे, सरळ रेषेत मोजला तर निम्म्याहूनही कमी भरेल. एकच चर्च आम्हाला कधी डावीकडे दिसत होतं, कधी उजवीकडे, एकदा तर पाठीमागे. मैलावर भाडं घेणाऱ्या कंपनीला या वळणांची तक्रार असायचं कारण नव्हतं! रेल्वेचे वारे वाहू लागले तेव्हा १८३० च्या सुमारास उत्तरेकडचा भाग घाईनं सरळ केला, त्यात चौदाएक मैल वाचले. दक्षिणेकडचा तसाच राहिला.

नॅप्टनला नऊ लॉक्स आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना समजा. बोट खालच्या हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, लोखंडी किल्लीनं वरची झडप उघडायची. पाणी भरतं तशी बोट वर येते. हे सगळं हातानं, आणि तुम्हीच करायचं. लाकडी दांड्याला पाठ लावून दरवाजा ढकलताना पहिल्या दोन लॉक्सला मजा वाटते, पाचव्यानंतर कंबर बोलू लागते. हौदाची रुंदी सात फुटांच्या आसपास, लांबी सत्तरच्या थोडी वर. म्हणून बोटही तेवढीच अरुंद. एकदा चढलं की लाखभर लिटर पाणी माथ्यावरून खाली जातं, आणि ते भरून काढायला वर तलाव बांधलेले आहेत.

आता या सात फुटांचीच गोष्ट. सुरुवातीला बोटवाल्यांची घरं जमिनीवर होती. रेल्वे आली, तिच्याशी स्पर्धा करता करता वाहतुकीचे दर पडले, आणि बोटवाल्याला घरभाडं आणि मदतनिसाची मजुरी दोन्ही परवडेनात. त्यानं बायकापोरांना बोटीवर आणलं. घर गेलं आणि बिनपगारी मजूर मिळाले. सत्तर फुटांतली बहुतांश जागा मालाला, आणि मागची दहाएक फूट लांबीची केबिन अख्ख्या कुटुंबाला. त्यात शेगडी, घडीचा पलंग, पितळी गोळे आणि दारावर रंगवलेले गुलाब नि किल्ले. पर्यटक आज त्याच गुलाबांचे मग विकत घेतात.

कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ नावाचे एक गृहस्थ या मुलांसाठी वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लागले. १८७७ साली कायदा झाला. बोटीची नोंदणी करा, किती माणसं राहतील ते ठरवा, आणि नोंदणीच्या गावी मुलं शाळेत घाला. पण बोट आज या गावाला, चार दिवसांनी पन्नास मैलांवर. मुलं शाळेत जाणार कशी? १८८४ मध्ये कायदा कडक केला, निरीक्षक नेमले. तरीही पुढे कित्येक वर्षं अक्षरओळख नसलेली पिढ्यान्‌पिढ्या माणसं हा व्यवसाय करत राहिली.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि नॅरोबोटींची उरलीसुरली मालवाहतूक जवळपास तिथेच संपली. हे कालवे बुजवून टाका म्हणणारे कमी नव्हते. ते वाचले त्याला एक पुस्तकही कारणीभूत आहे. एल. टी. सी. रोल्ट यांनी आपल्या 'क्रेसी' बोटीवरच्या प्रवासावर लिहिलेलं 'नॅरो बोट' १९४४ मध्ये आलं, दोन वर्षांनी त्यातून संघटना उभी राहिली, आणि शनिवार-रविवारी चिखलात उतरून गाळ काढणारे हजारो लोक मिळाले. फुकट, हौसेनं.

२०१२ मध्ये सरकारनं सुमारे दोन हजार मैल जलमार्ग एका धर्मादाय ट्रस्टकडे सोपवले. अनुदान चालू राहिलं, पण २०२७ पासून ते वर्षागणिक घटत जाईल, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. अडीचशे वर्षं जुने दरवाजे, बांध, तलाव सांभाळायचे तर पैसा कुठून येणार? बोटींच्या परवान्यातून. आणि कायम उभी करायची जागा नसलेल्या बोटींना २०२४ पासून जादा शुल्क.

सातव्या लॉकवर एक बाई भेटल्या. वर जाणारी बोट त्यांचीच, आमच्या पुढची. कामाला गावात जातात, बोटीवरच राहतात, मुलगी नऊ वर्षांची. हौस म्हणून राहता का, असं मी विचारलं. हसल्या. म्हणाल्या, "घरभाडं ऐकलंत का इकडचं?" कायम जागा नसलेल्या बोटीला साधारणपणे एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, १९९५ च्या कायद्यानं. पुढे सरकत राहायचं. मी शाळेचं विचारलं. शाळा एकाच जागी आहे, त्या म्हणाल्या, म्हणून जवळ असलो की चालत, लांब गेलो की बस, आणि बस नसली की सायकल.

ट्रस्टची अडचण मला कळते. दरवाजा कुजला तर तो हौसेवर दुरुस्त होत नाही. पण घर परवडत नाही म्हणून बोटीवर आलेल्या माणसाकडूनच त्या दुरुस्तीचा जादा हिस्सा घ्यायचा, हे मला पटलेलं नाही. १८७७ चा कायदा निदान मुलांना शाळेत घालायला निघाला होता.

त्यांची बोट वर गेली. आमच्यासाठी हौद परत रिकामा करावा लागणार होता. बाईंची मुलगी उडी मारून खाली आली, आमच्या हातातली किल्ली घेतली, झडप उघडली आणि सराईतपणे पाणी उतरेपर्यंत थांबली. जाताना तिनं आम्हाला बजावलं, "वर गेलात की मागचा दरवाजा लावून घ्या हं. माथ्यावर पाणी कमी आहे."